पुट ऑफ नीट समजून घ्यायचं असेल तर लाँगमनची ऑनलाइन डिक्शनरी उघडा

फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला ऑफ, अप असे छोटे शब्द जोडून वेगळा अर्थ होतो ते) म्हटलं की बरेच जण यादी घेऊन पाठ करत बसतात, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, झालं, चला पुढचा. मग कुठेतरी 'द स्मेल पुट मी ऑफ' वाचायला मिळतं आणि पाठ केलेला अर्थ तिथे बसतच नाही, कारण इथे वासामुळे ती गोष्टच नकोशी झाली असं म्हणायचंय. शिवाय कोणी बाजूला बडबड करत असेल आणि त्याने आपलं लक्ष उडत असेल तरी पुट ऑफच, हा वापर ब्रिटिश इंग्रजीत जास्त.

हे सगळे अर्थ वेगवेगळे करून दाखवणारी म्हणून मला लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश मनापासून आवडते. पहिली आवृत्ती 1978 ची, आता ऑनलाइन फुकट बघता येते, आणि अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगायचा हे त्यांचं जुनं धोरण आहे त्यामुळे एक शब्द बघायला जाऊन आणखी चार शोधत बसावे लागत नाहीत.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे तो दोन तोंडांचा छोटा बाण! पुट समथिंग ऑफ मध्ये समथिंग नंतर बाण दिसला की समजायचं कर्म मध्येही चालतं आणि शेवटीही, म्हणजे 'पुट द मीटिंग ऑफ' आणि 'पुट ऑफ द मीटिंग' दोन्ही बरोबर. फक्त सर्वनाम आलं की ते मध्येच हवं, 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' कधीच नाही, आणि हे काही बाण सांगत नाही, ते आपणच लक्षात ठेवायचं. पुढे क्रियापद येणार असेल तर आयएनजी लावायचं, 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टू गो' नाही. इथे उदाहरणं वाचायची सवय लागली की हे आपोआप डोक्यात बसतं, बरीचशी वाक्यं ऐकताही येतात.

मराठी अर्थ मात्र नाही, त्यामुळे अगदी नवशिक्यांना सुरुवातीला जड जाईल. आणि नुसतं पुट शोधू नका, खूपच लांबलचक नोंद आहे, पूर्ण पुट ऑफ टाइप करा. ते झालं की पुट अप विथ (सहन करणे) पण बघा, तिथे बाण नाही कारण ते तीन शब्द फोडताच येत नाहीत, कर्म कायम शेवटी.