कवीच्याच आवाजात: पोएट्री आर्काइव्ह

कवी अँड्र्यू मोशन आणि ध्वनिमुद्रण-निर्माते रिचर्ड कॅरिंग्टन यांनी २००५ साली सुरू केलेलं, कवींनी स्वतः वाचलेल्या कवितांचं हे ब्रिटिश संकेतस्थळ. ऐकणं फुकट. बऱ्याच कवितांची संहिता शेजारीच असते. पण पहिल्यांदा ती न बघता ऐका, मग समोर धरून. ओळ कुठे मोडली नि श्वास कुठे घेतला, ते तेव्हा कळतं.

इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं १८८९चं ध्वनिमुद्रण चुकवू नका. घोड्याच्या टापांच्या लयीत सुरू होतो, काही ओळींतच अडखळतो आणि स्वतःचीच कविता आठवेना म्हणून माफी मागतो! तेव्हा आवाज ज्यावर नोंदवत, त्या मेणाच्या नळकांड्यावरची खरखर शब्द गिळते, तेव्हा हेडफोन हवाच.

मराठी आवाजांसाठी मात्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने २०००मध्ये सुरू केलेला दक्षिण आशियाई साहित्यिकांचा ध्वनिसंग्रह गाठा. साहित्यिकाचं नाव रोमन लिपीत, दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा.