ई-मायग्रेट: एजंट तपासायला चोख, रात्रीच्या तासांना तोकडं

ऊसतोडीत रात्री दोनला गाडी आली तरी उठून भरावी लागते, मजुरी मात्र टनावरच. हंगामापुरतं दुबईच्या हॉटेलात निघालेल्या बीड-जालन्याच्या पोरांना तिथंही हेच भेटतं. फरक एवढाच, की तिथल्या कायद्यात रात्रीचा दर लिहिलेला आहे.

जाण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडाच. एजंटाचा परवाना चालू आहे की संपलाय, ते तिथल्या यादीत कळतं. एजंटाची फी 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400. त्यावर एक रुपया देऊ नका. गावातला मध्यस्थ मुंबईच्या ऑफिसचं नाव सांगत असेल, तर यादीतला नंबर काढून तिथंच विचारा, हा माणूस तुमचा का? एवढ्या कामाला पोर्टल चोख आहे.

पण दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा, नसतो. त्याला मंजुरी लागत नाही, म्हणून त्याचा करारही इथं कोणी बघत नाही. व्हिजिट व्हिसावर गेलेला तर हिशोबातच नाही. ही मोठी खोट आहे. करार आपला आपणच वाचायचा.

आधी बेसिक, म्हणजे मूळ पगार बघा. 1,500 दिरहम पगारात बेसिक 1,000 आणि बाकी भत्ते असतील, तर ओव्हरटाइम 1,000 वरच निघतो. 30 दिवस, 8 तास धरले तर तासाला 4.17 दिरहम. यूएईत जादा कामाला 25 टक्के वाढीव, रात्री 10 ते पहाटे 4 मध्ये 50 टक्के, म्हणजे 6.25. रोज दोन तास, 26 दिवस: 325 दिरहम. फुकट जातात ते हे पैसे. करारात ‘शिफ्ट’ लिहिलं असेल तर रात्रीचे हे 50 टक्के लागू होत नाहीत. सही करण्याआधी तो शब्द शोधा. रमजानात रोजचं काम दोन तासांनी कमी होतं, म्हणजे सहा तासांनंतरचं सगळं जादा. आणि हॉटेलं चालतात सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत!

तास बुडतात ते क्लोजिंगमध्ये. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की पंच आउट करायला लावतात, मग ग्रिल खरवडणं, फरशी धुणं, कचरा टाकणं. दीड तास कुठंच लागत नाही. म्हणून ड्युटी चार्टचा फोटो रोज काढा, आणि काम खरंच संपलं की ‘1:40 ला सुटलो’ असा मेसेज घरी भावाला टाका. तारीख-वेळ आपोआप राहते. महिनाअखेरी आठवून लिहिलेली वही तक्रारीत टिकत नाही.

पैसे अडले तर दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री 800 46342, इथून 1800 11 3090. फोन करताना करार आणि ते मेसेज हाताशी ठेवा.