धबधबावाला की बुडबुडेवाला? लाईन जाणाऱ्या गावात शेवाळाचा स्क्रबर घेण्याआधी

खाऱ्या पाण्याची, समुद्री माशांची टाकी ठेवणारे आपल्या विदर्भात तसेही थोडेच, त्यातही गावात राहून ठेवणारे तर शोधावेच लागतात, म्हणून स्क्रबर, म्हणजे जाळीवर शेवाळ वाढवून टाकीचं पाणी साफ ठेवणारं यंत्र, घ्यायचा विचार असेल तर पुण्या-मुंबईच्या लोकांचा सल्ला जरा बाजूला ठेवा. त्यांच्याकडं लाईन, म्हणजे वीज, फारशी जात नाही. माशांच्या खाण्या-घाणीतून पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साचते आणि शेवाळ ते ओढून घेते, बाकी तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की फटीच्या पाइपातून उभ्या जाळीवर पाणी सोडणारा धबधबावाला घ्यावा की पाण्यात बुडलेला, खालून हवा सोडणारा बुडबुडेवाला. मी दोन्ही चालवून पाह्यले आहेत.

शेवाळ वाढवायच्या बाबतीत धबधबा भारी आहे, त्यात वाद नाही. जाळीच्या रुंदीच्या दर इंचाला तासाला साधारण १३० लिटर पाणी आणि दोन्ही बाजूंनी लाल एलईडी मिळाली की जाडजूड हिरवं शेवाळ येते आणि आठ-पंधरा दिवसांत खरडायला तयार होते. खरडणंही सोपं, जाळी काढली, बेसिनमध्ये नेली, झालं. उन्हाळ्यात आणखी एक फायदा असा की पाणी पातळ थरात वाहते, आपल्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि टाकी थोडी थंड राहते. बाहेर ४५ डिग्री असताना आणि चिलर परवडत नसताना हे लय कामाचं आहे. वाफ झालेलं पाणी मात्र रोज भरावं लागते आणि ते आरओचंच भरा, नायट्रेट कमी करायला स्क्रबर लावायचा आणि वरून युरिया मुरलेल्या विहिरीचं पाणी ओतायचं, याला काय अर्थ आहे.

आता लाईन जाते त्याचं सांगतो, कारण माझा निकाल तिथंच लागला. वीज बनते आपल्याच कोराडीला, चंद्रपूरला, आणि अंधार आपल्याच घरात, ते एक असो. पंप बंद झाला की धबधबा लगेच थांबते, जाळी उघडी पडते. डब्याला झाकण असलं तर ओल थोडी टिकते, पण जाळी उघडी असली, नवतपा चालू असला आणि दुपारी लाईन गेली की संध्याकाळपर्यंत वरचं शेवाळ कुरडईसारखं कडक. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण खरा त्रास लाईन परत येते तेव्हा सुरू होतो. रात्री सगळे झोपले असताना पंप आपोआप चालू होते, पाइपाच्या फटीत वाळलेलं शेवाळ अडकलेलं राहते, पाणी जाळीवरून उतरायचं सोडून आडवं उडते, भिंतीवर, बोर्डावर, फरशीवर, आणि मेलेलं शेवाळ सुटून टाकीत जाते ते वेगळंच. जे नायट्रेट-फॉस्फेट त्यानं ओढून ठेवलं होतं ते सडून परत पाण्यात. वास असा की घरातले लोक माशांकडं नाही, तुमच्याकडं पाहतात.

धबधबा आधीच असेल तर लाईन गेल्यावर पहिलं काम म्हणजे पंपाचं बटन बंद करा, म्हणजे लाईन तुमच्या गैरहजेरीत आली तरी गोंधळ होणार नाही. टाकीच्याच पाण्यात भिजवलेलं फडकं जाळीवर टाका, साधं पाणी नको. घरी इन्व्हर्टर असेल तर स्क्रबरचा लाइट आणि पंप एकाच बोर्डावर ठेवा, पंप बंद आणि लाइट चालू असं झालं तर दुप्पट लवकर वाळते. जाळी वाळलीच असेल तर बाहेर काढून बोट फिरवा. खालचा थर बुळबुळीत आणि हिरवा लागला तर तो जिवंत आहे, वरचं पांढरं-भुरकट तेवढं खरडा, धुवा, लावा. सगळंच कुरकुरीत झालं असेल तर लोभ धरू नका, सगळं खरडा, साबण न लावता आरओच्या पाण्यात घासा आणि फटीत चुना बसला असेल तर पाइप व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मग जाळी नवी असल्यासारखी, आधी भुरका चिकट थर दिसेल आणि हिरवं यायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर लाइट आठ-दहा तासच, पुढं अठरापर्यंत न्या, आणि माशांचं खाणं कमी करा. खरडलेलं शेवाळ झाडाच्या बुडाशी टाकू नका, मीठ आहे त्यात.

हे सगळं येते मला. पण लाईन कधी जाईल यावर घरातून निघायचं की नाही ठरवायचं, लग्नाला गेलो तरी अर्धं डोकं जाळीकडं, याचा मला कंटाळा आला.

बुडबुडेवाला यात वेगळा पडते. हवा बंद झाली तरी शेवाळ पाण्यातच असते, लाइट नाही म्हणून वाढ थांबेल एवढंच. वरून एअर पंपाला वीज लागते किती, पाच-सहा वॅट. आपल्या इकडं घरोघरी फवारणीचा बॅटरी पंप असतो, त्यातली १२ व्होल्टची ८ अँपिअर-अवरची बॅटरी काढून डीसी एअर पंप जोडला की रात्र आरामात निघते आणि माशांना ऑक्सिजनही मिळत राहते, जे लाईन गेल्यावर शेवाळापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. धबधब्याचा पंप त्याच बॅटरीवर फार तर तीन-चार तास ओढेल.

त्याचे नखरे नाहीत असं नाही. बुडबुडे फुटून मिठाचा फवारा उडते, लाइटवर, झाकणावर पांढरी पापुद्रं बसतात, ओल्या फडक्यानं पुसत राहा. एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे पाडणारा दगड, चोंदते. पंप गुरगुरते, झोपायच्या खोलीत नको. शेवाळही माझ्या अनुभवात थोडं कमीच आलं, कदाचित माझ्या लाइटची चूक असेल. आणि उन्हाळ्यात टाकीचं पाणी दोन बोटं उतरलं की जाळीचा वरचा काठ यातही उघडा पडते आणि वाळते, पण ते एक बोटभर.

शहरात राहत असाल, इन्व्हर्टर दणकट असेल, टाकी मोठी असेल तर धबधबा घ्या, वाढ चांगली मिळेल, मी अडवणार नाही. गावात असाल तर मी तरी बुडबुडेवालाच म्हणेन. फक्त एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न वाल्व्ह टाका, नाहीतर लाईन गेली की खारं पाणी नळीतून उलटं पंपात उतरते आणि मग तो पंप गेला समजा.