घरी ई-लिक्विड मिसळण्याचा संच: काटा उत्तम, लेबले अपुरी

घरच्या घरी ई-लिक्विड, म्हणजे ई-सिगारेटमध्ये वाफ होणारे द्रव, तयार करण्यासाठी मिळणारा एक संच मी गेले तीन महिने वापरत आहे. त्यात पीजी (प्रॉपिलीन ग्लायकोल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) या मूळ द्रवांच्या बाटल्या, पाच फ्लेवर कॉन्सन्ट्रेट (चवीचे तीव्र अर्क), बिनसुईच्या सिरिंज, १० मिलिलिटरच्या रिकाम्या बाटल्या, एक पुस्तिका आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा एवढे साहित्य येते. निकोटीन त्यात नाही, आणि ते नसावे असेच मला वाटते. तीव्र निकोटीनचे द्रावण त्वचेतूनही शरीरात शिरते आणि नवशिक्याचा हात पहिल्या दिवशी सांडतोच.

संचातली खरी मोलाची वस्तू म्हणजे काटा. व्हीजी इतके घट्ट असते की ते सिरिंजच्या आतल्या बाजूला चिकटून राहते, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि मोजलेले सगळे बाटलीत उतरत नाही. वजनावर केलेले मिश्रण मात्र पुढच्या वेळीही तसेच जमते. १० मिलिलिटरच्या बाटलीत १ टक्का फ्लेवर म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम, अवघे काही थेंब, त्यामुळे याहून ढोबळ काटा येथे चालला नसता. एकच त्रास आहे: थोडा वेळ हात थांबला की काटा आपोआप बंद पडतो आणि तोवरची नोंद पुसली जाते. म्हणून मी फ्लेवर आधी घालतो आणि व्हीजी शेवटी, कारण व्हीजी थेंबभर जास्त पडले तरी चव बिघडत नाही.

पुस्तिकेने मात्र निराशा केली. सोबत काटा देऊनही तिच्यातील सर्व प्रमाणे मिलिलिटरमध्ये आहेत, आणि १ मिलिलिटर व्हीजीचे वजन सुमारे १.२६ ग्रॅम, तर पीजीचे १.०४ ग्रॅम भरते, हे कोठेही सांगितलेले नाही. ३० मिलिलिटर मिश्रणात ७० टक्के व्हीजी हवे असेल, तर २१ मिलिलिटर म्हणजे साधारण २६.५ ग्रॅम घालावे लागते. जो २१ ग्रॅमवर थांबेल त्याच्या बाटलीत पावणेसतरा मिलिलिटरच पडेल आणि फ्लेवर ठरल्यापेक्षा तीव्र लागेल. माझी पहिली बाटली अशीच वाया गेली.

फ्लेवरांपैकी स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिला सर्वांत चांगले आहेत. स्ट्रॉबेरी एकटी ८ टक्क्यांवरही पोकळ वाटते, पण ६ टक्के स्ट्रॉबेरीला २ टक्के व्हॅनिलाची जोड दिली की तिला अंग येते. हे मिश्रण तीन दिवसांनी कोरडे व घशाला बोचणारे होते, तीन आठवडे अंधारात मुरल्यावर गोलाई आली आणि रंगही तपकिरी झाला. व्हॅनिलातील व्हॅनिलिन या घटकामुळे असे होते, त्यात बिघाड नाही. लिंबू दोन-तीन दिवसांतच वापरण्याजोगे होते, मात्र ई-सिगारेटमध्ये द्रव भरायच्या काही प्लॅस्टिकच्या टँकना त्याने तडे जातात, तेव्हा काचेचा टँक घ्यावा. पुदिना ठीक आहे.

पाचवा फ्लेवर लोण्याच्या चवीचा आहे आणि माझी गंभीर तक्रार त्याच्याबद्दल आहे. लोण्याची चव देणारे डायअसेटिल खाण्यात चालते, पण त्याची वाफ श्वासातून गेल्याने अमेरिकेतील मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यांत कामगारांच्या फुफ्फुसांच्या सूक्ष्म वायुनलिका कायमच्या निकामी झाल्या होत्या. असे असताना बाटलीवर घटकांचा उल्लेख नाही, फक्त ‘खाद्य दर्जा’ असे छापले आहे. तो दर्जा पोटासाठी ठरवलेला असतो, फुफ्फुसांसाठी नव्हे. विक्रेत्याला मी दोनदा लिहून विचारले की यात डायअसेटिल किंवा त्याच्यासारखेच अॅसिटिल प्रोपिओनिल आहे का. दोन्ही वेळा तेच दोन शब्द उत्तरादाखल आले. ती बाटली मी सील न तोडता परत पाठवली आहे.