आईने कुठे राहावं, ठाण्यातला नौपाडा की नवी मुंबईतलं खारघर?

आईचं नौपाड्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही आणि गुडघे पार गेलेत. ताईच्या खारघरच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवता येतील, रात्री काही झालं तर शेजारच्या खोलीत माणूस. सेफ्टी बघितली तर खारघरच, यात वादच नाही.

पण ताई-भावजी सकाळी बाहेर पडतात ते रात्रीच उगवतात, म्हणजे दिवसभर आई आणि टीव्ही. इकडे समोरच्या काकू वाटीभर आमटी आणून देतात, भाजीवाला खालून हाक मारतो, आई दोरीला बांधलेली पिशवी सोडते आणि कोथिंबीर शिळी निघाली तर वरूनच त्याला झापते. उतरायला जमलं त्या दिवशी कौपिनेश्वराचं देऊळ, मग तलावपाळीला मैत्रिणी. खारघरचं सेंट्रल पार्क कितीही मोठं असलं तरी ही माणसं या वयात नव्याने कुठून जोडणार?

खर्चात फार फरक नाही, नौपाड्यात रात्रीची बाई ठेवावी लागेल तेवढंच. एक मात्र नक्की, कुठेही राहिली तरी घर मुलांच्या नावावर करायची घाई नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण सांभाळायची अट त्यातच स्पष्ट लिहिलेली बरी.

माझं मत विचाराल तर सध्या नौपाडा, जिने अगदीच बंद झाले तर त्याच भागात लिफ्टवाली भाड्याची जागा बघायची. खारघरहून पनवेल-ठाणे लोकल थेट आहे, ताईनेच रविवारी इकडे यावं.