टेक्सासच्या एचओएमध्ये अंगण बदललं: चौदा महिन्यांनंतर

आमचं घर ऑस्टिनच्या ईशान्येला, आय-३५ हायवेच्या पूर्वेकडे, एका आखीव वसाहतीत आहे. प्रत्येक घरापुढे हिरवळ, ठरावीक दोन झाडं आणि भिंतीलगत झुडपांची रांग. घर घेताना सह्या केलेल्या गठ्ठ्यात एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे, अंगणाचे नियम होते. ते मी नीट वाचले २०२४ च्या उन्हाळ्यात, पुढची अर्धी हिरवळ काढायची ठरवली तेव्हा. आता त्या नियमांत राहून चौदा महिने बाग सांभाळली आहे. ओळखीतल्या मराठी घरांतून सतत विचारणा होते, "एचओए करू देते का गं?" बरंच करू देते. पण आधी आराखडा द्यावा लागतो आणि तो पक्का असावा लागतो.

टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या कायद्यात, २०२.००७ हे कलम आहे. कमी पाण्याच्या बागेला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही, हे त्यात २०१३ मध्ये आलं. आराखडा मागायचा, आजूबाजूच्या अंगणांशी तो जुळतो का ते बघायचं, एवढा अधिकार एचओएच्या समितीला आहे. पण खडी, दगड आणि निवडुंग यांवर त्यांना बंधनं घालता येतात आणि माझा पहिला अर्ज नेमका तिथेच अडला. मुरमासारखा दिसणारा ग्रॅनाइटचा चुरा मी जवळजवळ सगळीकडे दाखवला होता. नकार आला तेव्हा वाईट वाटलं, पण पत्रात कारण आणि हवे ते बदल स्पष्ट लिहिले होते. तसं लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नकारानंतर तीस दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मला तिची गरज पडली नाही. चुरा फक्त पायवाटेपुरता ठेवला, वाफ्यांना दगडी कड दाखवली, प्रत्येक झाडाची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची लिहिली आणि दुसऱ्या खेपेला मंजुरी मिळाली.

झाडं निवडताना ऑस्टिन शहराच्या 'ग्रो ग्रीन' पुस्तिकेचा फार उपयोग झाला. नर्सरीत ती फुकट मिळते. आमची माती काळी, चिकण, विदर्भातल्या कपाशीच्या मातीच्या जातकुळीतली. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी यवतमाळची, म्हणून ही माती बघून पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं होतं. पण घराचा पाया तिच्यावरच उभा आहे. दोन घरांच्या मधली उथळ चारी बुजवू नका आणि पायालगत मोठं झाड लावू नका, हे नियम मला आधी जाचक वाटायचे. मे महिन्यातल्या एका रात्रीच्या पावसात त्या चारीतून पाणी वाहून जाताना पाहिलं आणि मत बदललं. खणण्याआधी ८११ ला फोन करा. माणसं येऊन गॅस, विजेसारख्या जमिनीखालच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात, पैसे लागत नाहीत. आमच्या वाफ्याच्या अगदी मधोमध पिवळी खूण निघाली, म्हणजे गॅस.

लावलं ते ऑक्टोबरअखेर, कारण इथे लागवडीला पावसाळा नव्हे तर हिवाळ्याआधीचा काळ चांगला. सेनिझो (राखाडी पानांचं झुडूप), लाल साल्व्हिया, गल्फ म्युली गवत, इथली देशी घाणेरी (आपल्याकडे जंगल गिळणाऱ्या घाणेरीची ही बहीण) आणि शंकासूर. इथे त्याला प्राइड ऑफ बार्बाडोस म्हणतात. माझ्या माहेरच्या फाटकाशी होता तोच. सेनिझो हवा दमट झाली की जांभळा फुलतो. ऑक्टोबरात म्युली गुलाबी धुरासारखं दिसतं तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून नाव विचारतात.

सगळ्यात कठीण गेला मार्च. शंकासूर थंडीत जमिनीपर्यंत वाळतो आणि मुळातून उशिरा, कधी मे उजाडल्यावर फुटतो. मार्चमध्ये "मेलेली झाडं काढा" असं पत्र आलं. मी मंजूर आराखड्याची प्रत आणि झाडाच्या सवयीबद्दल चार ओळी पाठवल्या, वाळक्या काड्या छाटल्या आणि मुदत मिळाली. जूनमध्ये त्याला पहिला तुरा आला. तुमच्या आराखड्यात "हिवाळ्यात वाळतो, पुन्हा फुटतो" हे आधीच लिहा.

एप्रिलमध्ये दुसरं पत्र: ओकच्या फांद्या फुटपाथवर खाली आल्यात, छाटा. पण टेक्सास ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिस फेब्रुवारी ते जून ओक छाटू नका असं सांगते, कारण त्या काळात ओक विल्ट ही बुरशी जखमांवर बसणाऱ्या किड्यांमार्फत पसरते. एक झाड गेलं की मुळांतून शेजारची झाडंही जातात. मी ते कळवलं, जुलैपर्यंत थांबायची परवानगी मिळाली, आणि छाटल्यावर प्रत्येक जखमेवर लगेच रंग लावला. पंचवीस वर्षांचं झाड एका नियमाच्या तारखेसाठी धोक्यात घालू नका, कृपया.

उरलेली हिरवळ ऑगस्टमध्ये पिवळी पडली. गावात पाणी देण्यावर निर्बंध होते. सप्टेंबर २०२५ पासून, असे निर्बंध असताना वाळलेल्या गवतासाठी एचओएला दंड करता येत नाही.

आणि तुळशीवृंदावन. सासूबाईंची एवढी एकच मागणी होती. टेक्सासमध्ये २०२१ पासून, श्रद्धेने ठेवलेल्या धार्मिक वस्तूंना अंगणातही कायद्याचं संरक्षण आहे, पण युटिलिटीच्या, म्हणजे वीज-पाण्यासारख्या लाइनींच्या, राखीव पट्ट्यात किंवा हद्दीपासून मोकळं सोडायच्या अंतरात नाही. मागचा ईशान्य कोपरा नेमका त्या पट्ट्यात होता. आम्ही वृंदावन चार फूट आत घेतलं, कट्टा पक्का बांधला, तुळस मात्र कुंडीतच ठेवली. पारा उतरायला लागला की कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. यंदाच्या नोव्हेंबरात तिथे तुळशीचं लग्न लागलं. उसाऐवजी म्युलीचे तुरे बांधले, पलीकडची शेजारीण मुलांना घेऊन आली आणि सासूबाईंनी तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या.