गिटारचा नेक सरळ करायचे 4,200 घेतले, आत निघालं व्हिजिटिंग कार्ड

माझ्या गिटारची सगळ्यात पातळ, टोकाची ई तार बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे फिंगरबोर्डवरून, म्हणजे नेकच्या बोटं दाबायच्या फळीवरून, खाली घसरत होती. काठापासून तीन-साडेतीन मिलिमीटर आत हवी, होती जेमतेम एक. बोल्ट-ऑन नेकच्या, म्हणजे लांब दांडा पेटीला स्क्रूने जोडलेल्या, स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचं हे नेहमीचं दुखणं: नेक बसवायची खोबण सैल कापलेली असते, लोकलमध्ये एक धक्का लागला की नेक तिरका होतो. एवढ्यासाठी दादर स्टेशनजवळच्या दुकानाने 4,200 रुपये काढले. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) बदली 1,800, फ्रेट लेव्हलिंग (कानशीने फ्रेट एका पातळीत आणणं) 1,400, सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) 1,000. 2,000 आधीच घेतले. गिटारच 7,500 ची!

दुकानदाराने एक डोळा मिटून हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) पाहिलं आणि म्हणाला, "रॉड गेलाय, दादा." रॉड फिरवायची ॲलन की लावलीसुद्धा नाही. तिथेच उठायला हवं होतं. रॉड नेकचा पुढे-मागे बाक सांभाळतो, बाजूला सरकलेल्या नेकशी त्याचा काही संबंध नाही. हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो, कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि समोरचा इतका ठाम होता की कुणीही विश्वास ठेवला असता. बरं, गिटार दोन तासांत परत! अशा नेकचा रॉड बदलायचा तर फिंगरबोर्ड गरम करून उखडायचा, पुन्हा चिकटवून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवायचा. दोन तासांत कसं होईल? आणि मी उरलेले 2,200 मोजून दिले. हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

चौथ्या दिवशी तार पुन्हा घसरली. नेकच्या स्क्रूंखालची मागची प्लेट काढली तर खोबणीच्या बाजूला त्याच दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड, दोनदा दुमडून ठोसलेलं, दमटपणाने मऊ पडून चेपलेलं. तिसऱ्या तारेखाली दुसऱ्या फ्रेटवरची जुनी खाच जशीच्या तशी. कानस फिरलीच नव्हती.

खरं काम दहा मिनिटांचं आहे. तारा थोड्या सैल करा, पूर्ण सोडू नका. नेकचे मागचे चारही स्क्रू अर्धा फेरा ढिले करा. पातळ तार काठावर येत असेल तर हेडस्टॉक जाड तारेच्या बाजूला ओढा, तसाच धरून स्क्रू आळीपाळीने तिरपे आवळा. स्क्रू नुसता फिरत असेल तर नेकच्या भोकात फेव्हिकॉल लावलेली टूथपिक घाला, रात्रभर वाळू द्या. गिटारच्या पेटीच्या भोकातून स्क्रू मोकळा सरकायला हवा. तिथेच आटे धरले तर नेक कधीच घट्ट बसणार नाही. फट भरायची तर लाकडाची पातळ पट्टी वापरा, पुठ्ठा नाही.

पोलीस चौकीत तीन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी "साहेब राउंडला गेलेत", दुसऱ्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे", तिसऱ्या दिवशी "चार हजारांसाठी कशाला वेळ घालवता?" माझे चार हजार आहेत! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, अकरा दिवसांनी "दुकानाकडून प्रतिसाद नाही" म्हणून तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलो होतो ना? आणि पावतीवर फक्त "गिटार रिपेअर". कामं वेगवेगळी लिहून घ्या, सही-शिक्का घ्या. काढलेला जुना पार्ट मागा, देत नसेल तर पैसे देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तिथला अर्ज तयार आहे, सोबत त्या दुमडलेल्या कार्डाचे चार फोटो.